माळ्याचं पूर्वेकडचं दार

नेग्रार, २९ सप्टेंबर १९९१

इनेस,

फोन केला की माझा आवाज ऐकताच तू तो खाली ठेवतेस, म्हणून पत्र लिहितेय. पत्र खाली ठेवायचं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

द्राक्षं काल माळ्यावर चढली. बाबांच्या जुन्या वेलांनी यंदा थोडंच दिलं, पण असं दिलं की शेजारचा ओरेस्ते टोपी काढून उभा राहिला. त्याची टोपी तर तो चर्चमध्येसुद्धा विसरून डोक्यावर ठेवतो. बोरूच्या चटया धुऊन उन्हात टाकल्या होत्या. घड एकमेकांना न टेकता मांडले, सगळ्या मांडण्या भरल्या. आता जानेवारीपर्यंत त्यांनी सुकायचं आणि मी बघत बसायचं.

तुझ्या लेकीचं, लीवियाचं, कार्ड आलं. पुढच्या सप्टेंबरात लग्न म्हणे. लिहिते, 'मावशी, आजोबांच्या माळ्यावरची गोड वाइन लग्नात हवी म्हणजे हवीच, आई काही म्हणो.' 'आई काही म्हणो' याच्याखाली दोन रेघा आहेत. मुलगी आपल्या घराच्या वळणावर गेली म्हणायची. मी तिला हो कळवलं आहे.

माझं ठीक. ऑगस्टमध्ये माळ्याच्या शिडीवरून पडले. डोक्याला मागे टेंगूळ आलं आणि गेलं. थोडी सर्दी तेवढी रेंगाळली आहे. परवा घेवड्याचं सूप चुलीवर जळून कोळसा झालं. ओरेस्ते धावत आला. म्हणाला, "नोर्मा, घर पेटवायचंय का? रस्त्यापर्यंत वास मारतोय!" मी म्हटलं, "मुद्दाम जाळलं. तुझ्या पाइपचा वास घालवायला." त्याच खोलीत बसून मी मोजे रफू करत होते.

तर विचारायचं ते असं. नोव्हेंबरात दोन दिवस येऊन माळ्यावरून एक चक्कर मारशील का? फक्त चालायचं आणि वास घ्यायचा. सर्दीमुळे माझं नाक जरा बसलं आहे, एवढंच. जेवायला घालीन. बोलायची सक्ती नाही.

नोर्मा

नेग्रार, २ नोव्हेंबर

इनेस,

सर्दी नाही. खोटं लिहिलं होतं.

आज मृतांचा दिवस, म्हणून शेवंती घ्यायला दफनभूमीच्या फाटकाशी थांबले. फुलवालीने जुडी माझ्या नाकाशी धरली, "बघा तरी सिन्योरिना, कशी ताजी!" म्हणाली. कागदाची फुलं धरली असती तरी मला तेवढंच कळलं असतं. मी "छान" म्हटलं आणि घेतली. बाबांच्या थडग्यावर ठेवली, आणि तिथेच दगडाच्या कडेवर बसले. तू तिथे बसायला नेहमी घाबरायचीस.

शिडीवरून पडले त्या दिवसापासून वास गेला आहे. सगळा. डॉक्टरकडे गेले होते. तो म्हणाला, "डोक्याला मागून मार बसला की नाकातून आत जाणारे बारीक तंतू तुटतात. परत येतील, नाहीतर येणार नाहीत." मी विचारलं, कधी कळेल? म्हणाला, "आले की कळेल." हे शिकायला त्याला पादुआच्या विद्यापीठात पाठवलं होतं.

जिभेला गोड, आंबट, कडू, खारट कळतं. त्यापलीकडे भिंत. रविवारी आईचा तो रस्सा केला, पावाचा चुरा आणि हाडातला मगज घातलेला. गरम लागला आणि मिरी झोंबली. झालं जेवण. उरलेला ओरेस्तेच्या कुत्र्याला दिला. तो नंतर अर्धा तास माझ्या दाराशी शेपूट हलवत उभा होता, म्हणजे रस्सा जमला असणार.

गावात आपल्या घराला नाकवाले म्हणतात, आठवतं ना? अजून म्हणतात. पोस्टात परवा कुणी माझ्या मागे म्हणालं, "त्या नाकवालीला विचार, तिला कळेल." मी मान ताठ करून बाहेर आले. कुणालाही सांगितलेलं नाही. ओरेस्तेला कळलं तर रविवारच्या आत सबंध दरीला कळेल. तू माझं तोंड बघत नाहीस, म्हणून तुला सांगता आलं.

आता माळ्याचं. बुरशी घडाच्या पोटात धरते. डोळ्याला दिसते तेव्हा शेजारचे घडही गेलेले असतात. ओल्या पोत्यासारखा वास मात्र आधी येतो, बाहेरून सगळं देखणं असताना. माझ्या नाकाला तो यायचा, आणि तुझ्या नाकाला माझ्याही आधी. अशी एक मांडणी दाबायला गेली तर सगळा रस बाटला, गोड वाइनही गेली आणि कोरडीही. मग लीवियाच्या लग्नात मी काय ओतू? आणि लोक म्हणतील, नोर्माचं वय झालं, आता विकून टाकावं तिने. तू तर ते सहा वर्षांपूर्वीच म्हणालीस.

त्याबद्दल एकदाच लिहिते. बाबांना मातीत ठेवून दोन तास झाले नव्हते आणि जेवणाच्या टेबलावर तू व्हेरोनाच्या त्या हॉटेलवाल्याचं नाव काढलंस. मी जे बोलले ते बोलले. त्यातला एक शब्द मागे घेत नाही. हे पत्र माफीचं नाही, मदतीचं आहे.

नोर्मा

नेग्रार, ९ डिसेंबर

इनेस,

उत्तर नाही. ठीक आहे. माझा टपालवाल्यावर विश्वास आहे, म्हणून दोष तुझाच.

चार दिवस धुकं दरीतून वर येऊन बसलं आहे. माळ्याच्या खिडक्या उघडाव्यात तर ओल आत शिरते, मिटाव्यात तर आतली हवा कोंडते. पूर्वी अशा दिवसांत आपण दोघी कॉफीच्या आधी वर जायचो, तोंडात दुसरी चव नको म्हणून. मी पश्चिमेच्या दाराने, तू पूर्वेच्या. बाबा मध्ये खोकं उपडं घालून बसलेले. दोघींनी वास घेत घेत त्यांच्यापर्यंत यायचं. तुझ्या हातात नेहमी माझ्यापेक्षा जास्त घड असायचे, आणि मला त्याचा राग यायचा.

आता मी रोज पश्चिमेकडून शिरते, बोटांनी घड चाचपत पूर्वेच्या दारापर्यंत जाते. ते दार तू गेल्यापासून बंदच आहे. कडीला हात लावून परत फिरते. खोकं मध्येच पडलं आहे, मी त्याला वळसा घालते.

तू येणार नाहीस हे कळलं. म्हणून माळा तुझ्याकडे पाठवते आहे. दारियो, तोच भाजीचा ट्रक नेणारा, तुमच्या बाझेलला लाल कोबी घेऊन निघाला आहे. त्याच्याकडे बुटाचं खोकं देते. प्रत्येक मांडणीच्या मधल्या चटईवरचा एकेक घड आहे, प्रत्येक वेगळ्या पुडीत. देठाला आईच्या शिवणाच्या टोपलीतला धागा बांधला आहे, दर मांडणीला वेगळा रंग. कुठला रंग कुठल्या मांडणीचा ते सांगणार नाही. सांगितलं तर बाबांच्या वेलांना तू झुकतं माप देशील.

वास घे. एवढंच कर. लिहायला हात जड होत असेल तर लिहू नकोस.

तेराला सांता लुचियाचा सण. लहानपणी भेटी घेऊन येणाऱ्या तिच्या गाढवासाठी आपण दाराबाहेर कोंडा ठेवायचो, आणि पहाटे बाबा तो गुपचूप कोंबड्यांना टाकायचे. यंदा गाढवाऐवजी दारियो येतो आहे. त्याला कॉफी दे.

नोर्मा

नेग्रार, २० डिसेंबर

इनेस,

कॉफी दिली नाहीस. त्याने आल्याआल्या हेच सांगितलं.

मी म्हटलं, "कॉफीचं मरू दे. काय म्हणाली?"

"दार उघडलं. मी म्हटलं, बहिणीने पाठवलंय. म्हणाली, मला बहीण नाही. मी म्हटलं, मग हे खोकं परत नेऊ? म्हणाली, आण इकडे."

"मग?"

"मग दार लावलं. मी जिना उतरायला लागलो तर परत उघडलं. म्हणाली, कुठून पडली ती? मी म्हटलं, शिडीवरून. म्हणाली, माळ्याच्या? तिसऱ्या पायरीवरून? आता मला काय माहीत, बाई, तुमच्या घरातल्या पायऱ्या मी मोजल्यात का!"

तिसऱ्याच पायरीवरून, इनेस. ती डुगडुगते याची तुला आठवण आहे.

"दुसऱ्या दिवशी मंडईत आली," दारियो म्हणाला. "एवढ्या थंडीत, स्वतः. हा लिफाफा दिला. एक शब्द नाही. तुम्ही दोघी सख्ख्या शोभता हां."

लिफाफ्यात दोन धागे. एक राखाडी, एक निळा. चिठ्ठी नाही, उलटसुलट केलं, काही नाही.

ओरेस्ते तेव्हा माझ्याकडेच होता. दोन धागे टेबलावर बघून त्याने विचारलं, आणि मला सगळं सांगावं लागलं. नाकाचंसुद्धा. त्याने पाइप विझवला. मग म्हणाला, "तरीच त्या सुपाच्या दिवशी तू एवढी शांत होतीस." हा माणूस रविवारच्या आतच काय, अजूनपर्यंत कुणाला बोललेला नाही.

पण धाग्यांबद्दल त्याचं मत वेगळं पडलं. म्हणाला, "अगं, पसंत पडलेले पाठवले तिने. बाजारात माणूस पसंत पडेल तेच उचलतो. या दोन ठेव, बाकीच्या फेक." आणि त्याचं पटण्यासारखं होतं, कारण निळा धागा बाबांच्या जुन्या वेलांचा. सगळ्यात वरची मांडणी, सगळ्यात देखणी. घड असे की तसबिरीत ठेवावेत. राखाडी उत्तरेच्या ओल्या भिंतीची, ती नासली तर मला समजू शकत होतं. पण निळा?

दुपारभर तुझ्यावर चडफडत होते. मनात आलं, सूड घेतेय. बापाची माती विकायला निघाली होती, आता त्याचेच वेल माझ्या हातून फेकायला लावतेय. मनात आलं ते लिहिते, लपवून काय करू.

मग बाबांचं आठवलं. आपल्यापैकी कुणी खोक्यापाशी चांगला घड आणला की विचारायचे, "हा का उचललास? याने काय घोडं मारलंय?" नासका असेल तोच बापापुढे न्यायचा. चांगल्याबद्दल बोलायचं नाही, त्याला हातही लावायचा नाही. गप्प राहिलं म्हणजे चांगलं. तू बाजारात नव्हतीस, माळ्यावर होतीस. तू दोन आणलेस, म्हणजे दोन नासके.

शिडी लावून वर चढले. निळ्या मांडणीच्या वरच्या चटया निर्मळ होत्या. तिसरीही निर्मळ. माझा राग पुन्हा चढायला लागला होता. चौथ्या चटईवर एका घडाच्या पोटात बोट घातलं तर बोट ओलं झालं, आणि त्यावर करडी पूड. शेजारच्यात तेच. त्याच्या शेजारच्यात तेच. बाहेरून मात्र सगळे राजबिंडे.

बाबांचे सगळे वेल खाली उतरवले, इनेस. राखाडी मांडणीही. ओरेस्तेने टोपल्या वाहिल्या. खताच्या खड्ड्यापाशी तो म्हणाला, "रडू नकोस." मी रडत नव्हते, धाप लागली होती. तो गेल्यावर रडले. वेलांसाठी रडले, आणि मी त्या मांडणीखालून रोज सकाळी चालत होते आणि मला काही कळलं नाही, त्यासाठी रडले.

उरलेल्या मांडण्यांबद्दल तू काही कळवलं नाहीस. कळवायचं नसतंच.

नोर्मा

नेग्रार, ४ फेब्रुवारी १९९२

इनेस,

द्राक्षं दाबून झाली. जानेवारीत तीन राजांच्या सणाला गावाने नेहमीप्रमाणे गवताची म्हातारी जाळली. ओरेस्ते म्हणाला, "तुला थंडी वाजते तर जवळ जा." मी म्हटलं, "जवळ गेले तर लोकांना कुठली जाळायची कळणार नाही." हसले सगळे. घरी येऊन शेगडी पेटवली आणि स्वतःशी एक शब्द न बोलता झोपले. काही दिवस असे जातात की संध्याकाळी बोलायला तोंड उघडलं तर आवाज खरखरीत निघतो.

आता तळघरात दोन पिंपं आहेत. मोठ्यात कोरडी होणार. ती मनासारखी आंबत उकळू दे, साखर सगळी संपू दे, मग वर्षानुवर्षं पडून राहू दे. तिच्याकडे बघायला आज मला घाई नाही. लहान पिंप लीवियाचं. त्यातली साखर संपायच्या आत उकळी थांबवायची, म्हणजे ती गोड राहते. रात्री तळघराची दारं उघडी टाकून थंडी आत घेते. दर दोन दिवसांनी गाळ खाली ठेवून वाइन दुसरीकडे काढते. एकटीने नळी धरायची, एकटीने पिंप कलतं करायचं. कान लावून ऐकते. आत कुजबुज चालू असली की अजून थंडी हवी.

बाबा कोरड्या वाइनला पळपुटी म्हणायचे. आजोबा एक गोड पिंप कोपऱ्यात विसरले, परत बघतात तो साखर पळून गेलेली, आणि मग लोकांनी त्या पळपुटीलाच डोक्यावर घेतलं, ही गोष्ट ते पाहुण्यांना शंभरदा सांगायचे. तू सीमेपलीकडे गेल्यावरही सांगायचे, पण मग मध्येच थांबायचे आणि दिव्याची वात नीट करायला उठायचे. वीज येऊन तेव्हा तीस वर्षं झाली होती.

लहान पिंपातली जिभेवर ठेवली की गोड लागते. शेवटाला जरा कडवट, तशी हवीच. बाकी काय आहे ते मला माहीत नाही. डोळे बांधून भरतकाम करतेय असं वाटतं. ओरेस्तेला चाखायला दिली. म्हणाला, "वाइनसारखी आहे." साठ वर्षं पाइप ओढलेल्या माणसाकडून आणखी काय मिळणार?

नोर्मा

नेग्रार, १० सप्टेंबर

इनेस,

घरी पोचले. तू विचारलं नाहीस, तरी सांगते.

लग्न छान झालं. तुला सगळं माहीत आहे, पण मी कुठून पाहिलं ते तुला माहीत नाही. दारियोच्या ट्रकमधून आले, पुढे मी, मागे कोबी, आणि मध्ये घोंगड्यांत गुंडाळलेल्या बाटल्या. बोगद्यात तो गाणी म्हणत होता आणि मी प्रत्येक वळणाला मागे वळून बघत होते. चर्चपाशी उतरले तर तू पायऱ्यांवर उभी. केस पांढरे झालेत तुझे. माझे तर केव्हाच झाले, पण तुझे होतील असं का कोण जाणे वाटलं नव्हतं. तू माझ्याकडे पाहिलंस, मग माझ्या पायांकडे, आणि म्हणालीस, "जपून, पायरी आहे."

सात वर्षांत बोललीस ते एवढंच.

मला बसवलंस शेवटच्या टेबलाशी, तुझ्या नवऱ्याच्या, रुएदीच्या, आत्याशेजारी. तिला जर्मन सोडून काही येत नाही आणि कानानेही कमी ऐकू येतं. आमच्या गप्पा छान रंगल्या. तिने मला तिच्या गुडघ्याबद्दल सांगितलं असावं. मी तिला तुझ्याबद्दल सांगितलं. दोघींनी मान डोलावली.

मग केक आला आणि लीविया माझी बाटली घेऊन उठली. पहिला पेला नवऱ्याला, दुसरा तुला. मी चमचा खाली ठेवला. आत्याबाई काही विचारत होत्या, मी ऐकलं नाही. माझं सबंध वर्ष त्या पेल्यात होतं, इनेस, आणि त्यात काय आहे ते त्या खोलीत फक्त मलाच कळणार नव्हतं.

तू पेला हातात फिरवलास. नाक आत घातलंस, बाबा घालायचे तसं, पार भुवयांपर्यंत. डोळे मिटलेस. किती वेळ ते मोजलं नाही, पण शेजारचा माणूस बोलता बोलता थांबला. मग प्यायलीस. ओठ पुसलेस. मग बाटली ओढून स्वतःला आणखी ओतून घेतलीस.

रुएदी टाळ्या वाजवत होता. लीविया टेबलं ओलांडून आली, मला मिठी मारली आणि "मावशी, मावशी" करत माझ्या खांद्यावर रडली. अनोळखी माणसं मला पेले दाखवत होती. सगळे बोलत होते, तू सोडून. तू एकदाच माझ्याकडे पाहिलंस आणि हात रिकामेच टेबलावर ठेवलेस.

मला कळलं. खोक्यापाशी तू रिकाम्या हाताने आलीस. बाबा असते तर म्हणाले असते, चला, कॉफी घेऊ.

रात्री लीवियाच्या मैत्रिणीकडे झोपले आणि सकाळी ट्रकबरोबर निघाले. बोगद्याच्या अलीकडेपर्यंत मी खूश होते. पलीकडे निघालो आणि मी दारियोला गाडी थांबवायला सांगितली. तो म्हणाला, "गाडी लागली का?" मी हो म्हटलं.

गाडी लागली नव्हती. मला तुझं गप्प राहणं पुरलं नाही. पूर्वी पुरायचं, कारण तू गप्प राहिलीस तरी माझं नाक मला सांगायचं की चांगलं म्हणजे काय चांगलं. आता ते सांगणारं कुणी नाही. मी केलेली वाइन सबंध मांडवाने चाखली आणि मी एकटी बाहेर राहिले. माझ्या घरात माझ्या पिंपाशेजारी मी पाहुणी आहे. पहाटे माळ्यावर जाते, तळघरात जाते, घरभर फिरते आणि कुठूनच घराचा वास येत नाही. असं किती दिवस राहायचं ते मला कळत नाही.

म्हणून मी बाबांचा नियम मोडते. त्या पेल्यात काय होतं ते मला लिहून कळव. वाईट असेल ते माझी जीभ सांगते. मला चांगलं काय होतं ते हवं आहे. चार ओळी लिही. हॉटेलवाल्याचं, मातीचं, कशाचंही काही लिहू नकोस. पेल्याचं लिही.

नोर्मा

नेग्रार, २८ सप्टेंबर

इनेस,

तुझं पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर अजून तसंच, पायाखाली मुंगी आल्यासारखं तिरकं.

लगेच फोडलं नाही. आधी स्वयंपाकघराचं टेबल पुसलं, लीवियाची म्हणून बाजूला ठेवलेली बाटली आणली, पेला घेतला, पत्र मिठाच्या डबीला टेकवून उभं केलं. मग एक ओळ वाचायची आणि एक घोट घ्यायचा, असं चालवलं.

तू लिहितेस, 'आधी चेरी. दुकानातली नाही, ओरेस्तेच्या कुंपणावरची, आपण चोरायचो ती, उन्हाने तापलेली.' घोट घेतला. गोड लागलं.

'मग बाबांचा हिवाळ्यातला कोट, खिशात तंबाखू.' घोट घेतला.

'मग माळ्याचा जिना, झाडू मारल्यानंतरचा.' इथे जरा थांबले.

'आणि अगदी शेवटी एक आहे, त्याला नाव सापडत नाही. आई कपाट उघडायची तेव्हा यायचा तो.' ही ओळ चार वेळा वाचली आणि पेला संपला.

वास आला नाही. खोटं कशाला बोलू? पण टेबलाशी दुपारभर माणसं बसून गेल्यासारखं वाटलं. ओरेस्ते दारातून डोकावला. एकटीच पितेस का म्हणाला. मी म्हटलं, नाही.

पानाच्या खाली तू तुझी खोड सोडली नाहीसच. 'लहान पिंपाचं लाकूड थकलंय, बदल.' बदलणार नाही, ते बाबांच्या हातचं आहे. आणि त्या हॉटेलवाल्याच्या बाबतीत माझंच बरोबर होतं, हेही याच पत्रात लिहून ठेवते, नाहीतर तुला वाटेल मी मऊ झाले.

द्राक्षं काल चढली. जुन्या वेलांना यंदा पुन्हा बरं आलं आहे, त्यांचे घड मुद्दाम खालच्या मांडणीवर ठेवले, हाताशी. शिडीची तिसरी पायरी नवी घातली. पूर्वेकडच्या दाराची कडी गंजून धरली होती, ओरेस्तेने हातोडी मारून ती काढली आणि बिजागऱ्यांना तेल घातलं. दार आता ढकललं की उघडतं.

आज सकाळी कॉफीच्या आधी मी पश्चिमेकडून आत गेले. मधल्या खोक्यापर्यंत आले आणि थांबले. पलीकडचा अर्धा माळा मी पाहिलेला नाही.

नोर्मा